म्हाताऱ्याशी खेळताना

फेब्रुवारी २०१५. झुरिकमध्ये बुद्धिबळाच्या पटावर दोन म्हातारे समोरासमोर बसले. व्हिक्टर कॉर्चनॉय ८३ वर्षांचे, वोल्फगांग उलमान ७९. कॉर्चनॉय चाकाच्या खुर्चीतून आले होते. लेनिनग्राडच्या वेढ्यात बालपण काढलेला, १९७६ मध्ये सोव्हिएत संघाकडे पाठ फिरवलेला, जगज्जेतेपदासाठी कारपॉव्हशी दोनदा झुंजलेला हा माणूस. उलमानही पूर्व जर्मनीचे अकरा वेळचे विजेते. चार जलद डाव झाले, लढत २-२ अशी बरोबरीत सुटली.

वय बघून कुणी हात आखडता घेतला नाही. एका खेळाडूने दुसऱ्याला याहून मोठा मान काय द्यायचा!

आपण घरी नेमकं उलटं करतो. आजोबांनी पट मांडला की नातवाला डोळ्यांनी खुणावतो, ‘जिंकू दे रे त्यांना.’ नातू मुद्दाम वजीर मारात ठेवतो. आजोबांच्या ते तेव्हाच लक्षात येतं. सोंगटीकडे निघालेला हात थबकतो, चष्म्यावरून ते एकदा नातवाकडे बघतात आणि काही न बोलता वजीर मारतात. ज्यांनी जन्मभर घर चालवलं त्यांना आपण लिंबूटिंबू करून टाकतो, वर त्याला माया म्हणतो. बँकेचे व्यवहार असोत, दवाखान्यातला निर्णय असो की नात्यातली वाईट बातमी, ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून परस्पर उरकतो.

बुद्धिबळाचे नियम आपल्यापेक्षा शहाणे आहेत. ज्याला सोंगट्या हलवता येत नाहीत त्याला मदतनीस घेता येतो. चाल खेळाडूची, ती पटावर करायची तेवढी मदतनिसाने. थरथरत्या हाताचा चुकून धक्का लागला, तर ती सोंगटी खेळायची सक्ती नाही. पण खेळायच्या इराद्याने हात लावलात की ती हलवावीच लागते, मग वय अठरा असो की ऐंशी. हाताला आधार मिळतो. डोक्याला सवलत नाही.

आणि ती सवलत लागतेच असंही नाही. २०११ मध्ये जिब्राल्टरच्या स्पर्धेत ७९ वर्षांच्या कॉर्चनॉयसमोर १८ वर्षांचा फॅबियानो कारुआना होता, पुढे २०१८ मध्ये जगज्जेतेपदाचा आव्हानवीर झालेला. तेव्हाही तो जगातल्या अव्वल खेळाडूंत गणला जात होता. पांढऱ्या सोंगट्या त्याच्याकडे होत्या. काळ्यांनी खेळून कॉर्चनॉय जिंकले. त्याच वर्षी, ऐंशी पूर्ण झाल्यावर, त्यांनी स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं.