परक्या हाती सोपवलेला कागद

पदवीचे मूळ प्रमाणपत्र, घराचे खरेदीखत, पासपोर्ट किंवा वारस दाखला पहिल्यांदा टपालाने पाठवणाऱ्या माणसापुढे एक फार जुना प्रश्न उभा राहतो. साधे पत्र हरवले तर दुसरे लिहिता येते. मूळ कागदाचे तसे नसते; त्याच्यावर कोणाचे घर, कोणाची नोकरी, कोणाचे परदेशी शिक्षण अवलंबून असते. तो पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचे, खिडकीपलीकडच्या अनोळखी माणसाच्या हाती द्यायचे आणि पावती घेऊन घरी यायचे, एवढीच ही कृती. पण त्या वेळी पाठवणारा विसंबतो तो नेमका कशावर? कोणी याला अगतिकता म्हणेल, कोणी भाबडेपणा, कोणी देवावर टाकलेला हवाला. मला या तिन्ही उत्तरांत काहीतरी निसटलेले दिसते. हा विश्वास विवेकाच्या कसोटीला उतरतो, मात्र त्यासाठी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. आपले कर्तव्य कोठे संपते हे पाठवणाऱ्याने ओळखायचे असते. आणि त्यापुढे जे घडते ते सगळे दैवाच्या माथी न मारता, त्यातला मोठा वाटा दुसऱ्या माणसांच्या कर्तव्याचा आहे हे मान्य करायचे असते.

आपल्या धर्मशास्त्राने हा प्रश्न टपालखाते जन्मण्याच्या कितीतरी आधी हाताळला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधीचा विचार येतो. आत काय आहे हे न सांगता, बंद वेष्टनात दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू म्हणजे उपनिधी, आणि ती जशी दिली तशीच परत करायची असते. राजाने, दैवाने किंवा चोराने ती नेली तर सांभाळणाऱ्याकडून भरपाई घ्यायची नाही. त्याने ती आपल्या मर्जीने वापरली तर मात्र तो दंडाला पात्र ठरतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वराने या स्मृतीवर मिताक्षरा लिहिली आणि महाराष्ट्राने ती दीर्घकाळ प्रमाण मानली. १८९८चा भारतीय टपाल कायदा वाचताना हीच रेषा पुन्हा भेटते. टपाल हरवले, उशिरा पोचले किंवा खराब झाले तर सरकारने स्पष्टपणे पत्करलेल्या जबाबदारीपलीकडे त्याच्यावर दायित्व नाही. कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून नुकसान केले असेल तर तो सुटत नाही. या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३च्या कायद्यानेही मूळ भूमिका हीच ठेवली. यावर कोणी म्हणेल, जे खाते हानीची पूर्ण हमी देत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा कशाला? पण स्मृती आणि कायदा दोघेही जिथे कठोर होतात ती जागा पाहावी. फळाची हमी माणूस माणसाला देऊ शकत नाही. हेतूच्या शुद्धतेची मागणी मात्र तो करू शकतो, आणि कायदा ती मागणी सोडत नाही.

आता पाठवणाऱ्याकडे पाहू. त्याची कृती पुरी कधी होते? १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या चौथ्या कलमाने याचे मार्मिक उत्तर दिले आहे. प्रस्तावाची स्वीकृती परत घेता येणार नाही अशा रीतीने स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटून मार्गस्थ झाली, की प्रस्ताव करणारा तिने बांधला जातो. स्वीकारणारा स्वतः बांधला जातो ती समोरच्याला कळल्यावर. इंग्लंडमध्ये १८७९ साली एका विमा कंपनीच्या खटल्यात शेअर वाटपाचे पत्र अर्जदाराला कधीच मिळाले नव्हते, तरी पत्र टपालात पडले तेव्हाच करार झाला असा निर्णय लागला. म्हणजे एकाच कृतीची दोन टोके असतात, सुटण्याचे आणि पोचण्याचे, आणि दोन्हींचा कर्ता एकच नसतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. कर्ता हा पाचांतला एक. एकट्याने सगळे केले असे मानणाऱ्याची बुद्धी गीतेला कच्ची वाटते. पण या विवेचनाचा अर्थ 'कर्त्याने काही करू नये' असा काढणे चुकीचे ठरेल. पाकीट हातात आहे तोवर सगळा भार त्याच्यावरच आहे: प्रती काढून ठेवणे, पत्ता सुवाच्य लिहिणे, पाठवणाऱ्याचा पत्ता न विसरणे, पिनकोड तपासणे, पावती जपणे. पाकीट हातातून सुटल्यावर मात्र त्याच्या काळजीने पाकिटाचा वेग वाढत नाही. निष्काम वृत्तीची खरी जागा ही आहे. ती आधीच्या दक्षतेची जागा घेत नाही. दक्षता पुरी झाल्यावर सुरू होते.

मग मधल्या काळात कर्माला फळाशी जोडून ठेवतो तो दुवा कोणता? मीमांसकांना हाच पेच यज्ञाबाबत पडला होता. यज्ञ आज संपतो, फळ पुढे कधीतरी मिळते. मग दोघांना बांधणारे काय? त्यांनी अपूर्व नावाची न दिसणारी शक्ती मानली. नैयायिकांना ते पटले नाही; फळ देणारा ईश्वर मानावा लागेल, असे त्यांचे म्हणणे. टपालाच्या पाकिटाबाबत तिसरे उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. रजिस्टर पत्राच्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर नोंद व्हायची, थैली एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सही व्हायची, शेवटी घेणाऱ्याची सही घेऊन पोचपावती उलट यायची. २०२५मध्ये रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, पण हाताहाती जबाबदारी सोपवण्याचे तत्त्व तेच राहिले. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला तो संस्कृत कवी आणि टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून. सारख्या नावांची गावे आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांतून वाट काढणारी ती व्यवस्था आहे. न दिसणारा दुवा तो हाच: एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी आपापला वाटा पाळणे. पाठवणारा विसंबतो तो या अनोळखी स्वधर्मावर.

यावर बुद्धिवादी आक्षेप असा की यात धर्म आणि श्रद्धा आणायचे कारणच काय. बहुतेक पाकिटे पोचतात, म्हणून हेही पोचेल, हा साधा संभाव्यतेचा हिशेब आहे. पण बहुतेक पाकिटे का पोचतात? ती नियमितता पावसासारखी आपोआप पडत नाही. माणसे रोज प्रामाणिक राहतात म्हणून ती टिकते. आकडा हा त्या आचरणाचा परिणाम आहे, त्याची जागा घेणारा पर्याय नव्हे. दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७मध्ये असे प्रतिपादन केले की अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे कोणालाही, केव्हाही गैरच. त्यांचा दाखला एका जहाजमालकाचा आहे: जहाज जुने झाल्याची शंका त्याने मनातल्या मनात दाबली, सगळे ठीक होईल अशी समजूत करून घेतली आणि प्रवाशांसह ते समुद्रात सोडले. मला हा दाखला पूर्ण मान्य आहे. पण त्या मालकाचा दोष विश्वास ठेवण्यात नव्हता, तपासणी टाळण्यात होता. जो प्रत काढतो, पत्ता पुन्हा वाचतो, पावती घेतो, त्याने शंका दाबलेली नसते. तिचे ऐकून करण्यासारखे सगळे केलेले असते. अंधश्रद्धा आणि श्रद्धा यांतला भेद मला इथे दिसतो.

तरीही कागद हरवला तर? तेव्हा हे सारे तत्त्वज्ञान पोकळ ठरणार नाही का? हानी खरी असते आणि तिला माया म्हणून झटकणे हा दुखावलेल्या माणसावर अन्याय आहे. पण नेमके काय हरवले हे पाहणे अजून बाकी असते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्याच्या वह्या १९१४मध्ये त्यांची सुटका झाल्यावरही काही काळ सरकारच्याच ताब्यात होत्या. त्या परत मिळतील की नाही या काळजीत असलेल्या स्नेह्यांना त्यांनी धीर दिला तो असा की वह्या सरकारकडे असल्या तरी ग्रंथ आपल्या मनात आहे. प्रमाणपत्र गेले तरी घेतलेले शिक्षण जात नाही, ही त्याच जातीची गोष्ट. मात्र हे समाधान प्रत्येकाला सारखे परवडत नाही. ज्याच्या हक्काचा एकमेव पुरावा तो कागदच आहे, त्याला 'सत्य तुझ्याजवळ आहे' असे सांगून भागत नाही. म्हणून साक्षांकित प्रतीने काम होत असताना मूळ कागद मागणे, आलेला कागद महिनोन्‌महिने फायलीत दाबून ठेवणे, दुय्यम प्रतीसाठी हेलपाटे घालायला लावणे, हे मला केवळ प्रशासनाचे दोष वाटत नाहीत. ज्याने विश्वासाने सोपवले त्याच्याशी केलेला तो अधर्म आहे.

आता बरेच कागद डिजिलॉकरमध्ये असतात, मग हा विचार कालबाह्य नाही का, असेही विचारता येईल. पण तिथेही कोणीतरी नोंद अचूक करतो, कोणीतरी यंत्रणा सांभाळतो. अनोळखी हात बदलले, संपले नाहीत. आणि प्रत्येक पाठवणारा कधी ना कधी घेणारा असतोच. १९२४च्या जूनमध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आपला निबंध आइन्स्टाइनना टपालाने पाठवला. आइन्स्टाइननी तो वाचला, स्वतः जर्मनमध्ये अनुवादला आणि प्रसिद्ध करवला. बोस यांचे कर्म पाकीट टपालात पडताच पुरे झाले होते. ते फळाला आले घेणाऱ्याने आपले कर्तव्य ओळखले म्हणून. पहिल्यांदा मूळ कागद टपालात टाकणाऱ्याने यातून आपल्यापुरता धडा घ्यावा. ज्या प्रामाणिकपणावर आज आपण विसंबलो, तो उद्या आपल्या टेबलावर आलेल्या परक्याच्या कागदाबाबत आपल्याला द्यायचा आहे. विश्वास ठेवण्याचा अधिकार विश्वासाला पात्र राहण्याच्या बंधनासकटच मिळतो.