भाकरी पाचच असताना

शास्त्रपाठ : योहान ६:१-१३



कापणीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी आपण ज्वारीची कणसे, भाजीपाला, अंडी, ज्याच्या घरी जे असेल ते मंदिरात आणून ठेवितो. हे योग्यच आहे. परंतु रास घरात आल्यावर उपकार मानणे कोणासही साधते. टोपलीत थोडेच असताना उपकार मानणे कठीण. आणि तेच आपल्या प्रभूने गालील सरोवरापलीकडे करून दाखविले.

तेथे सुमारे पाच हजार पुरुष जमले होते. फिलिप्पाने हिशेब मांडिला की, दोनशे दीनारांच्या भाकरी आणिल्या तरी त्या पुरणार नाहीत. त्या काळी एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती; म्हणजे दोनशे दिवसांची कमाई घातली तरी उणेच! अंद्रियास एका मुलाजवळ पाच भाकरी व दोन लहान मासळ्या दिसल्या, पण एवढ्यांत त्यांचा काय निभाव लागणार, असे त्यासही वाटले. दोघांचा हिशेब खरा होता. मात्र देणारा आपल्यासमोर आहे, ही रक्कम त्यांनी धरिली नव्हती.

त्या भाकरी गव्हाच्या नव्हत्या, जवाच्या होत्या. जव हे तेथील गरिबांचे धान्य; जशी आपली ज्वारी, बाजरी व नाचणी. प्रभूने ती भाकरी हलकी मानिली नाही. ती हाती घेऊन त्याने प्रथम उपकारस्तुती केली व मग वाटणी केली. लोक तृप्त झाल्यावर उरलेले तुकडेही त्याने वेचून घ्यावयास लाविले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातून एवढी समृद्धी झाली, त्याने तुकडाही वाया जाऊ दिला नाही. साधेपणा तो हाच. तो कंजूषपणा नव्हे; देवाच्या दानाचा मान राखणे होय.

आता आपल्या घराकडे पाहू. मुलीचे लग्न ठरले की, लोक काय म्हणतील ह्या भयाने मंडळीतील भला मनुष्यही मांडव, वाजंत्री व पंगती ह्यांसाठी कर्ज काढितो. थाट एका दिवसाचा; व्याज मात्र वर्षानुवर्षे लेकरांच्या ताटातील भाकरी खाते. ऋण काढून सण करणारा जणू चारचौघांत सांगतो की, देवाने दिलेले मला पुरत नाही. काना येथील लग्नघरी द्राक्षारस सरला, तरी प्रभू तेथून उठून गेला नाही. मग तुमच्या साध्या मांडवात येण्यास तो लाजेल काय?

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस एक विनंती आहे. भुकेल्यास रिकाम्या हाताने कृतज्ञतेचा उपदेश करू नका. प्रभूने लोकांस गवतावर बसवून जेवू घातले. तसेच घामाची मजुरी मागणे हा कृतघ्नपणा नव्हे. मजुरी अडवून ठेवणाऱ्या धनवानांस याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कडक ताकीद दिली आहे.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) ह्यांनी तरुणपणी दुष्काळात आपले आईबाप गमाविले. भूक काय असते हे त्या जाणून होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व तेथील शेकडो निराश्रित मुली व विधवा ह्यांस त्यांनी आसरा दिला. केडगाव येथील मुक्तिसदनात त्या स्वतः साध्या पांढऱ्या वस्त्रांत राहत. जो थोडक्यात भागवितो, त्याचा हात दुसऱ्यास देण्यास मोकळा राहतो.

तर मग आज रात्री जेवावयास बसाल तेव्हा क्षणभर थांबा. कोरड्यास असो वा नसो, पुढ्यातील भाकरीकडे पाहा. पाऊस पाडणारा देव, शेतात राबलेले हात व चुलीपुढे बसलेली माउली ह्यांची आठवण करा. उद्या दळणाच्या वेळी मूठभर धान्य शेजारच्या गरजवंतासाठी वेगळे काढा. मूठ लहान असेल. पण त्या मुलाच्या भाकरीही पाचच होत्या.

हे देवबापा, जे उणे आहे तेच मोजीत बसण्यापासून आम्हांस राख. जे दिले आहेस त्याबद्दल आधी तुझे उपकार मानावयास व मग ते वाटून खावयास आम्हांस शिकव. आमेन.