सुटलेला टाका

दुःखी माणसाला काय सांगावे, हे सेमिनरीत आम्हांला पुष्कळ शिकविले गेले. परंतु दुःखी माणसापुढे गप्प कसे बसावे, हे मात्र आम्हांला धर्मग्रामातील माणसांनीच शिकविले. त्यांपैकी एका भगिनीची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. तिने स्वतःच्या नकळत आमच्यापुढे एक प्रश्न टाकला आणि त्याचे उत्तर शोधण्यात आमची काही वर्षे गेली.

तिचा तरुण मुलगा नोकरीनिमित्त नाशिकला होता. तिकडची थंडी कडक, म्हणून ती त्याच्यासाठी निळ्या लोकरीचा स्वेटर विणीत होती. पाठ विणून झाली, पुढचा भाग अर्ध्यावर आला आणि मुलगा रस्त्यावरील अपघातात गेला. महिन्याची मिस्सा झाल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा ती ओटीवर बसून तोच स्वेटर विणीत होती. आम्ही विचारले, "बाय, रोज रोझरी होते ना?" मान वर न करता ती म्हणाली, "फादर, माळ हातात घेतली की पहिल्या मण्यापुढे जातच नाही. सुई मात्र पुढे जाते."

त्या वेळी आम्ही जे बोललो, ते आज आठवले तरी संकोच वाटतो. लोकरीत सांत्वन नसते, खरे सांत्वन प्रार्थनेत असते, असे काहीसे आम्ही तिला सांगितले. ती "होय, फादर" म्हणाली आणि सुया बाजूला ठेवल्या. परतताना आमच्या मनात आले, आपण या बाईच्या हातातून काय काढून घेतले? ज्याच्या अंगावर तो कधीच चढणार नाही, त्याच्या मापाचा स्वेटर पुरा करणे हा भ्रम आहे, की तीही एक प्रार्थनाच आहे?

या प्रश्नाकडे प्रथम आजच्या विज्ञानाच्या बाजूने पाहू. हार्वर्ड विद्यापीठातील डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, एखादा शब्द, प्रार्थना किंवा हालचाल शांतपणे पुन्हापुन्हा केली असता श्वास आणि नाडी मंदावतात व मनाचा ताण सैल होतो. पुढे २०१३ साली ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकात विणकाम करणाऱ्या ३,५४५ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणतात, त्यांनी आपण अधिक शांत व आनंदी असल्याचे सांगितले. अर्थात ही उत्तरे विणकामाची आवड असलेल्यांनी स्वतःहून दिलेली. त्यावरून विणकाम हे सर्व दुःखांचे औषध ठरत नाही. तरी एवढे खरे की, एक सुलट, एक उलट, एक सुलट, एक उलट अशी हाताची लय आणि माळेच्या मण्यांची लय यांत फार अंतर नाही. आमच्या आज्या माळ ओढीत, ती काही प्रत्येक शब्दाचा अर्थ लावीत नव्हे. शब्दांच्या त्या संथ वाहण्यात मनाला टेकायला जागा मिळे.

आता आपल्या परंपरेकडे वळू. पवित्र शास्त्रात सूत आणि वस्त्र जागोजाग आढळते. निर्गमाच्या ग्रंथात निवासमंडपासाठी निळे, जांभळे व किरमिजी सूत आपल्या हातांनी कातून आणणाऱ्या कुशल स्त्रियांची नोंद आहे. मातेच्या उदरात देवानेच आपल्याला विणले, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. वधस्तंभाखाली शिपायांनी ज्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या, तो बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता, हे संत योहान आवर्जून सांगतो. पवित्र मरियेने तो विणला असावा, अशी भाविकांची कल्पना. सुमारे १४०० साली जर्मनीत मिंडेनच्या बर्ट्राम या चित्रकाराच्या परंपरेत रंगविलेल्या एका वेदीचित्रात पवित्र मरिया चार सुयांवर बाळ येशूचा अंगरखा विणीत बसली आहे, आणि त्याच वेळी देवदूत क्रूस व भाला घेऊन येत आहेत. पुढे काय होणार, ते समोर उभे आहे. तरी मातेच्या सुया थांबलेल्या नाहीत. त्या ओटीवरच्या मातेची आठवण आम्हांला या चित्रापाशी नेहमी होते.

या परंपरेत दोन साक्षी अशा आहेत, की त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटाव्यात. पाचव्या शतकात कॅसियनने इजिप्तच्या रानातील पौल नावाच्या एका वैराग्याची गोष्ट लिहून ठेवली. तो नगरांपासून सात दिवसांच्या वाटेवर राहत असे. हस्तव्यवसायाचा माल विकायला नेला तर मिळकतीपेक्षा वाहतुकीचाच खर्च अधिक. तरीही तो रोज खजुरीचे झाप गोळा करून नेमाने काम करी, आणि वर्षअखेर गुहा भरली की सारे जाळून टाकी. हाताला काम नसेल तर मनही एका जागी ठरत नाही, हे तो जाणून होता. दुसरी साक्ष प्रेषितांच्या कृत्यांतील यापोच्या टबीथेची. ती वारली तेव्हा विधवा रडत रडत संत पेत्रासमोर आल्या आणि तिने आपल्यासाठी केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्या पुण्याचा पुरावा म्हणजे लोकांच्या अंगावरची वस्त्रे.

मग खरे कोणाचे? ज्याने केलेले काम जाळले त्या पौलाचे, की जिचे काम दुसऱ्याच्या अंगावर राहिले त्या टबीथेचे? पौल सांगतो की कामाचे मोल बाजारात ठरत नाही. निष्फळ दिसणारे कामही माणसाला सावरते. टबीथा सांगते की प्रीती कोणाच्या तरी पाठीवर पोहोचली नाही, तर ती अर्धीच. या दोन उत्तरांत आम्ही अडकून पडलो होतो. वाट दिसली ती सिद्धगडाच्या माचीवर.

मुरबाड तालुक्यातील हा डोंगरी किल्ला अनेकांना ठाऊक आहे तो २ जानेवारी १९४३ मुळे. त्या दिवशी येथील रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना पोलिसांच्या गोळीबारात हौतात्म्य आले. दरवर्षी त्या दिवशी लोक येथे त्यांना अभिवादन करण्यास जमतात. एका वर्षी धर्मग्रामातील तरुणांना घेऊन आम्हीही गेलो. हुतात्म्यांची नावे दगडावर कोरली जातात. त्यांच्या मागे घरातील स्त्रियांनी एकेक दिवस कसा लोटला, हे दगड क्वचितच सांगतात. नाताळात जमविलेल्या उबदार कपड्यांचे एक गाठोडेही मुलांनी बरोबर घेतले होते.

माचीवरच्या एका घरापुढे उन्हात एक म्हातारी गोधडी शिवीत बसली होती. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांवर ठिगळे, आणि कडेकडेने आत वळत जाणारा धावदोरा. एक ठिगळ सासूच्या लुगड्याचे, एक धाकट्या लेकीच्या परकराचे, असे ती बोट ठेवून सांगू लागली. लेक आता नव्हती. आमच्यातला प्रवचनकार जागा झाला. आम्ही म्हणालो, "आजी, हे शिवताना मनाला बरे वाटत असेल." ती आमच्याकडे पाहून हसली. "थंडी वाजते म्हणून शिवते, बाबा," ती म्हणाली. थोडे थांबून तिने परकराच्या ठिगळावरून हात फिरविला आणि पुढे म्हणाली, "पण हे असंच टाकवत नाही ना."

या दोन वाक्यांत आमच्या प्रश्नाचे उत्तर होते. पहिल्या वाक्याने आम्हांला जमिनीवर आणले. हातकामातील अध्यात्माविषयी लिहिणे सोपे. पण सह्याद्रीच्या या पट्ट्यातील ठाकर, कातकरी, महादेव कोळी माणसे विणतात व शिवतात ती आधी गरजेपोटी. भातलावणीच्या पावसात पाठीवर असते ते इरले काही मनःशांतीसाठी विणलेले नसते. कष्टाला सुंदर नाव देऊन त्याच्या मोबदल्याचा विषय टाळणे, हे पाप आहे. टोपलीला न्याय्य दाम न देता टोपली विणणाऱ्याच्या समाधानाचे गोडवे गाणाऱ्याने आधी आपले मन तपासावे.

दुसऱ्या वाक्याने मात्र आम्हांला वर नेले. टाकवत नाही, म्हणून ती शिवते. गेलेल्या लेकीचा परकर पेटीत जपून ठेवला असता तर ती केवळ आठवण झाली असती. जाळला असता तर केवळ राख. गोधडीत शिवल्यावर तो आता नातवंडांच्या अंगावर ऊब होऊन पडतो. दुःख विसरणे म्हणजे बरे होणे नव्हे. दुःखाला दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची वाट मिळणे, हे बरे होणे. आधी पौलाप्रमाणे, फळाचा विचार न करता हात चालू ठेवायचे. पुढे एके दिवशी टबीथेप्रमाणे हातातले देऊन टाकायचे. या दोन साक्षी परस्परविरुद्ध नाहीत. एकाच वाटेवरचे ते दोन टप्पे आहेत. आणि पहिल्या टप्प्यावरच्या माणसाला दुसऱ्यावर ओढण्याची घाई, जी आम्ही त्या ओटीवर केली, ती कोणी करू नये.

विणणाऱ्या भगिनी जाणतात की एक टाका सुटला तर तो त्याच जागी राहत नाही. खालच्या ओळीतला, मग त्याच्या खालचा, असे टाके उसवत जातात. तो वेळीच सापडला तर क्रोशाच्या सुईने ओळीओळीने वर उचलून आणता येतो. चूक फार खोल असेल तर विणलेले उसवून लोकर पुन्हा गुंडाळता येते. आयुष्याचे तसे नाही. बोललेला शब्द उसवता येत नाही आणि गेलेले माणूस परत घालता येत नाही. पापनिवेदनात क्षमा मिळते. पण आपण दुसऱ्याला दिलेली जखम त्यामुळे आपोआप भरून येत नाही, ती भरण्यासाठी आपल्यालाच पुन्हा त्याच्या दारी जावे लागते.

आम्हीही गेलो. सिद्धगडाहून परतल्यावर त्या भगिनीच्या घरी जाऊन म्हणालो, "बाय, त्या दिवशी आम्ही चुकलो. सुया पुन्हा हातात घे." ती म्हणाली, "त्या मी कधी सोडल्याच नव्हत्या, फादर. तुम्ही गेलात की लगेच घेतल्या." मग तिने सांगितले की स्वेटर पुरा झाला होता. कितीतरी दिवस तो कपाटात होता. नाताळच्या वेळी तरुण मुले कपडे गोळा करीत आली, तेव्हा तिने तो घडी घालून त्यांच्या पिशवीत टाकला. कोणाला काही बोलली नाही.

म्हणजे आमच्या गाठोड्यातून तोही माची चढून गेला होता. तो कोणाच्या अंगावर आहे, हे आम्हांला ठाऊक नाही, तिलाही नाही. आम्ही शोध घेतला नाही. हल्ली शोकाच्या घरी गेलो की उपदेशाची घाई करीत नाही. कोणी गवार मोडीत बसले असेल तर आम्हीही चार शेंगा मोडू लागतो. आणि ती भगिनी आता रोझरी म्हणते. पहिल्या मण्यापुढे कधी गेली, हे आम्ही तिला विचारलेले नाही.