हिम, हिमसेल्फ आणि आरशातला मास्तर

रात्रभरच्या रेल्वेप्रवासाने शिणलेला अर्न्स्ट माख एका ऑम्निबसमध्ये चढला. (स्वनातीत विमानांचा वेग ज्याच्या नावाने मोजतात, तोच हा ऑस्ट्रियन पदार्थवैज्ञानिक.) त्याच वेळी गाडीच्या दुसऱ्या टोकाकडून आणखी एक जण चढताना त्याला दिसला. हा कोण गबाळा मास्तर, असे त्याच्या मनात आले. मग उलगडा झाला की समोर मोठा आरसा आहे. 1886 च्या आपल्या पुस्तकात त्याने ही फजिती तळटीपेत नोंदवली. वर मिश्किलपणे कबूलही केले की, स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा आपल्या पेशाची चेहरेपट्टी त्याला जास्त ओळखीची होती.

ही गोष्ट इंग्रजीत सांगायची तर 'माख सॉ हिमसेल्फ' असेच म्हणावे लागते. 'माख सॉ हिम' म्हटले की ऐकणारा दुसरा माणूस शोधू लागतो. नियम सरळ आहे: एकाच उपवाक्यात कर्ता आणि कर्म एकच असतील तर 'हिमसेल्फ', वेगळे असतील तर 'हिम'. नोम चॉम्स्कीने 1981 साली आपल्या बंधन-सिद्धान्तात याला नेमके रूप दिले. आडवळणे आहेतच. 'ही टुक द अम्ब्रेला विथ हिम' या वाक्यात छत्री नेणारा तोच, तरी 'हिम'. 'स्वतःबरोबर' म्हणायची सवय असलेला मराठी विद्यार्थी इथे 'हिमसेल्फ' लिहितो आणि हकनाक गुण घालवतो.

पण असली वळणे पाठ करता येतात. माखची अडचण पाठ करून सुटत नाही. व्याकरण माणसे मोजते. त्या माणसाला काय उमगले आहे, याची चौकशी ते करत नाही. वाक्यात 'हिमसेल्फ' आहे, आणि आरशाकडे बघणाऱ्याच्या मनात मात्र निव्वळ 'हिम'.

ग्वाटेमालात जन्मलेला तत्त्वज्ञ हेक्टर-नेरी कास्तान्येदा याने 1966 च्या एका निबंधात नेमके या फटीवर बोट ठेवले. 'माख थॉट ही वॉज शॅबी' या वाक्यात माखने समोरच्या माणसाला गबाळे ठरवले, की स्वतःविषयी त्याला तसे वाटले? इंग्रजीतला 'ही' दोन्हीकडे चालतो. आत्मभान असलेला 'ही' वेगळा दाखवायला कास्तान्येदाने त्याच्यापुढे चक्क एक तारांकन लावले.

मराठी माणसाला हा तारा उसना घ्यावा लागत नाही. 'तो गबाळा आहे असे माखला वाटले' आणि 'आपण गबाळे आहोत असे माखला वाटले' ही दोन वाक्ये एखादी अडाणी आजीसुद्धा एकमेकांत मिसळणार नाही. गाडीत चढताना पहिले वाक्य खरे होते, आरसा लक्षात आल्यावर दुसरे. 'स्वतः' आणि 'आपण' या दोन आत्मवाचक सर्वनामांची कामे मराठीने वाटून दिली आहेत. काशी वाली यांच्यासारख्या भाषातज्ज्ञांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. गंमत अशी की 'आपण' हा शब्द मुळात 'आत्मन्'चाच, प्राकृतातून झिजत आलेला. उपनिषदांचा भारदस्त आत्मा मराठीत येईपर्यंत घरगुती सर्वनाम होऊन बसला.

इंग्रजीत वारे उलटे वाहिले. जुन्या इंग्रजीत 'हिम' आणि 'हिमसेल्फ' अशी सक्तीची जोडी नव्हती. साधे सर्वनाम दोन्ही कामे करी. 'सेल्फ' हा मराठीतल्या 'खुद्द'सारखा जोर देणारा शब्द, तो पुढे सर्वनामाला चिकटला. मग तो सुटा होऊन नाम बनला. जॉन लॉकने 1694 च्या आवृत्तीत आपल्या ग्रंथाला व्यक्तीच्या अभिन्नतेवरचे प्रकरण जोडले, त्यात हा 'सेल्फ' एखाद्या वस्तूसारखा वावरतो. अँथनी केनी हा एकेकाळचा कॅथलिक धर्मगुरू. त्याने 1988 च्या व्याख्यानात ठणकावून सांगितले की तत्त्वज्ञांचा 'सेल्फ' हा आत्मवाचक सर्वनामाचा गैरसमज आहे. 'मायसेल्फ'च्या मधोमध मोकळी जागा सोडली आणि त्या जागेतून एक नवा प्राणी जन्माला आला. केनीचा टोला थोडा जास्तच जोरकस आहे, कारण आत्मभानाचे कोडे शब्द जोडून लिहिल्याने मिटत नाही. तरी नेम चुकलेला नाही.

त्याच्या 29 वर्षे आधी हाच वाद एका बौद्ध भिक्खूने घातला होता. धम्मपदाच्या 160 व्या गाथेत 'अत्ता', म्हणजे पालीतला 'आत्मन्', येतो. अनात्मवाद शिकवणाऱ्या बुद्धाच्या तोंडी आत्मा सापडला, या आनंदात काही इंग्रजी अभ्यासकांनी तिथे 'सेल्फ' वाचला. श्रीलंकेच्या वालपोल राहुल यांनी 1959 च्या पुस्तकात दाखवून दिले की तो 'अत्ता' म्हणजे 'स्वतः', इतकेच. माणसाने दुसऱ्या कोणाकडे न पाहता स्वतःचाच आधार घ्यावा, असा साधा उपदेश. त्यात आत्म्याची साक्ष शोधणे म्हणजे सर्वनामाला नाम समजणे.

गीतेत हा निवाडा इतका सोपा नाही, कारण तिथे आत्मा मान्यच आहे. सहाव्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात 'आत्मन्'ची रूपे सात वेळा येतात. संस्कृत वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी थांबून 'स्वतः' की 'आत्मा' हे ठरवायची सक्ती नाही. इंग्रजी अनुवादकाला सातही वेळा आहे. काही जण पहिल्या अर्ध्यात 'हिमसेल्फ' लिहितात आणि दुसऱ्या अर्ध्यात त्याच शब्दासाठी कधी लहान, कधी मोठ्या 'एस'चा 'सेल्फ' वापरतात. तो मोठा 'एस' मूळ श्लोकात नाही. देवनागरीत मोठी अक्षरेच नसतात.