ऋतुचक्र आणि हृदयपालट

ऋतू पालटला म्हणजे माणूसही पालटतो काय? इंग्लंड-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावलेल्या नव-पेगन पंथांनी या प्रश्नास होकारार्थी उत्तर दिले आहे आणि त्या उत्तरावरच आपली उपासना उभारली आहे. आमच्या वाचकांपैकी काहींची मुले परदेशी स्थायिक झालेली आहेत. तेथे असा एखादा शेजारी त्यांना भेटणे अशक्य नाही. त्याला 'चेटकी' म्हणून मोकळे होण्यापूर्वी तो काय मानतो हे समजून घेणे बरे.

ब्रिटनमधील चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांचे 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गार्डनर हे सिलोन-मलायात मळ्यांवर आणि पुढे जकात खात्यात नोकरी केलेले गृहस्थ. त्यांचा 'विक्का' हा पंथ आणि रॉस निकल्स यांनी १९६४ साली स्थापिलेला ड्रुइड संप्रदाय या दोहोंत वर्षाचे आठ सण रूढ झाले. 'वर्षचक्र' या नावाने ते ओळखले जातात. ३१ ऑक्टोबरच्या रात्री साविन, डिसेंबरात यूल, फेब्रुवारीच्या आरंभी इंबोल्क, १ मे रोजी बेल्टेन, १ ऑगस्ट रोजी लॅमस, आणि शिवाय मार्च, जून व सप्टेंबरातील सूर्याचे तीन दिवस. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा नोंदविला.

हे चक्र अनादिकाळापासून चालत आले आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. ब्रिस्टल विद्यापीठातील इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९० च्या दशकातील आपल्या ग्रंथांतून दाखवून दिले, की यांतील काही सण खरोखरच प्राचीन असले, तरी आठही सण एकत्र पाळणारा कोणताही प्राचीन समाज आढळत नाही. सप्टेंबरच्या सणाचे 'मेबन' हे नाव तर १९७० च्या दशकात अमेरिकेत दिले गेले. गंमत अशी, की 'लॅमस' हा शब्द मूळचा ख्रिस्ती आहे. त्याचा अर्थ 'पावाची मिस्सा'. नव्या गव्हाचा पाव त्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणीत. तथापि परंपरा अर्वाचीन आहे म्हणून ती पोकळ ठरत नाही. माळेची प्रार्थनाही कधीकाळी नवीच होती.

लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा असतो, तर डिसेंबरचा आठ तासांहूनही लहान. मुंबईत हा फरक अडीच तासांच्या आतच राहतो. म्हणून सूर्य परतण्याचे जे अप्रूप उत्तरेकडील माणसाला वाटते, ते आपल्याला पुरतेपणी उमगणे कठीण. साविनच्या रात्री पंथीय आपला एखादा दुर्गुण वा जुने दुःख कागदावर लिहितात आणि तो कागद अग्नीत टाकतात. यूलच्या दीर्घ रात्री काहीजण जागरण करून सूर्योदयाची वाट पाहतात. इंबोल्कला नवे संकल्प होतात, बेल्टेनला ते बहरतात, लॅमसला पीक हाती येते आणि पुन्हा साविन. झाड पाने टाकते, तसे आपणही टाकावे, हा त्यामागील भाव.

यात चांगले काहीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टारहॉक या लेखिकेच्या प्रेरणेने १९७९ साली साविनचे एक सार्वजनिक नृत्य सुरू झाले. त्या विधीत सरत्या वर्षात दिवंगत झालेल्यांची नावे मोठ्याने वाचली जातात. मृत्यू शक्य तितका दृष्टीआड ठेवणाऱ्या समाजात कोणीतरी मृतांची नावे घेते, याचे मोल नोव्हेंबरात कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या आपल्या कुटुंबांना सांगावे लागू नये.

आमची अडचण वेगळी आहे. झाडाने पान टाकले, तर त्या पानाचे कोणाला देणे लागत नाही. माणसाचा दोष मात्र क्वचितच एकट्याचा असतो. भावाच्या वाट्याची जमीन ज्याने आपल्या नावावर करून घेतली, त्याने 'लोभ' असे कागदावर लिहून कागद जाळला. त्याला हलके वाटले, कदाचित अगदी खरेखुरे हलके वाटले. पण भाऊ त्या रिंगणात नव्हता. सातबाऱ्यावर नाव होते तेच राहिले. आणि पुढच्या साविनला चक्र फिरून आले, की कागद पुन्हा तयार! पंथातील विचारी माणसांनाही हे जाणवते. कोणाचीही हानी करू नये हा नियम ते कसोशीने सांगतात. आमचा प्रश्न, हानी होऊन गेल्यानंतर काय, हा आहे.

आपल्याही वर्षाला फेरा आहेच. ऑस्ट्रेलियातील पेगन आपले चक्र उलटे करून साविन मेच्या आरंभी पाळतात, कारण तेथे थंडीची चाहूल तेव्हा लागते. हे त्यांच्या विचाराशी सुसंगतच आहे. नाताळ मात्र तेथे भर उन्हाळ्यात, डिसेंबरातच येतो. तो एकदाच घडलेल्या जन्माशी बांधलेला आहे, हवामानाशी नाही. तरीही उपवासकाळ दरवर्षी येतो, कपाळावर राख लागते, आणि माणूस पास्कानंतर जिथला तिथे सापडतो. तेव्हा चक्रात अडकण्याचा धोका केवळ साविनच्या शेकोटीभोवती जमणाऱ्यांनाच आहे, असे कोणी समजू नये.

जक्कय झाडावरून उतरला, तेव्हा कोणता ऋतू होता हे लूक सांगत नाही. त्याने कोणाला किती परत करायचे याचा हिशेब मात्र तो नोंदवितो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट. ख्रिस्तसभेची नीतिशिकवण परतफेडीचा आग्रह धरते ती याच कारणाने. पापनिवेदनात चोरी सांगणाऱ्याला धर्मगुरू क्षमेचे शब्द ऐकवितो, आणि त्याबरोबरच ती वस्तू सध्या कोठे आहे, हेही विचारतो.