संकटात तत्त्वाचे काय होते?



घरात सारे सुरळीत असताना तत्त्वाने वागणे फारसे जड जात नाही. संकट दारात उभे राहिले म्हणजे खरी परीक्षा सुरू होते.

रशियातील अलेक्झांडर केरेन्स्की हे पेशाने वकील. झारच्या राजवटीत राजकीय आरोपींची बाजू ते कोर्टात मांडत. १९१२ साली सैबेरियात लेना येथील सोन्याच्या खाणींतील संपकऱ्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा चौकशीसाठी ते तिथवर गेले. मार्च १९१७ मध्ये झारची सत्ता कोसळली आणि केरेन्स्की न्यायमंत्री झाले. त्याच महिन्यात नव्या सरकारने देहदंडाची शिक्षा रद्द केली.

पण जर्मनीशी युद्ध चालूच होते. मे महिन्यात केरेन्स्की युद्धमंत्री झाले. जुलैमधील चढाई फसली, सैनिक आघाडी सोडून पळू लागले. त्याच महिन्यात ते पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच सरकारने आघाडीवरील सैनिकांसाठी देहदंड परत आणला. मध्ये गेले होते अवघे चार महिने!

त्यांच्यावर दगड उचलण्याची घाई आपण करू नये. देशच बुडत असेल तर काही जणांचा जीव घेऊन तो वाचवू नये काय? हा प्रश्न पोकळ नाही. पुढे सैन्य सावरले नाही आणि नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली, एवढ्याने त्याचे उत्तर मिळत नाही. ते यशस्वी झाले असते तरी प्रश्न उरलाच असता.

आम्हांला वाटते, नियम दोन प्रकारचे असतात. उपवासाचा नियम आजाऱ्यासाठी सैल होतो, कारण तो माणसाच्या भल्यासाठीच केलेला असतो. पण माणसाच्या जिवाचे मोल कोणत्याही सरकारने दिलेले नाही. जे आपण दिले नाही, ते अडचण आली म्हणून काढून कसे घ्यायचे? २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात बदल करून देहदंड अस्वीकार्य ठरवला, त्यामागेही मानवी प्रतिष्ठेचाच विचार आहे.

केरेन्स्की १९७० साली न्यूयॉर्कमध्ये वारले, मायदेशापासून दूर. आपल्या हाती राज्य नाही. पण धंद्यात खोट येते, कोर्टात खोटी साक्ष मागितली जाते, भावाभावांत जमिनीची वाटणी निघते. "आता वेळच तशी आहे," असे आपण पटकन म्हणतो.

काय कदापि करायचे नाही, हे शांत दिवसांतच ठरवून ठेवू या. वादळात नांगर शोधत बसायला वेळ नसतो.