विधवेचे दान : प्रशंसा की विलाप?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायाअखेरीस येणारा विधवेच्या दानाचा प्रसंग अवघ्या चार वचनांचा आहे (१२:४१-४४). जेरुसलेमच्या मंदिराच्या भांडारात श्रीमंत लोक पुष्कळ टाकतात. एक दरिद्री विधवा दोन लेप्टा, म्हणजे एक रोमन क्वाड्रन्स टाकते. मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार धरली, तर हा तिचा चौसष्टावा भाग. येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो, की तिने सर्वांहून अधिक टाकले; इतरांनी विपुलतेतून दिले, तिने आपल्या उणिवेतून. प्रवचनपरंपरेने या प्रसंगाला निर्व्याज भक्तीचा वस्तुपाठ मानले, आणि बहुधा तेथेच विचार थांबवला.

१९८२ साली अॅडिसन राइट यांनी संदर्भाच्या बळावर या वाचनाला आव्हान दिले. लगतच्या पूर्ववचनात येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार करतो. लगेच पुढे त्याच मंदिराच्या विध्वंसाचे भाकीत करतो. (इ. स. ७० मध्ये ते उद्ध्वस्त झाले.) मग मधला उद्गार प्रशंसेचा की विलापाचा? राइट यांच्या मते विलापाचा. येथे अनुकरणाची आज्ञा नाही, ही बाब या मताला पोषकच आहे. लूकमधील शोमरोनी गृहस्थाच्या दाखल्याअंती ती स्पष्टपणे येते.

हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. शोषणाची जाणीव तो यथार्थपणे जागी करतो; मात्र तसे करताना विधवेला केवळ बळी ठरवतो. पहिल्या वाचनात ती दृष्टांत होते, दुसऱ्यात पुरावा. वस्तुतः निवेदकाने नाणी दोन असल्याचे सांगितले आहे. एक तिला ठेवता आले असते. तिचे कर्तेपण या तपशिलात आहे, आणि दोन्ही पक्षांनी त्याला पुरेसे महत्त्व दिलेले नाही.

भक्तीचे मूल्य तिच्या आलंबनाच्या पात्रतेवर अवलंबून असते काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. संस्था भ्रष्ट असली म्हणून तिच्या दारी केलेले समर्पण खोटे ठरत नाही. समर्पण खरे म्हणून संस्था निर्दोषही ठरत नाही. पहिल्या विधानाच्या आडोशाने दुसरे दडपणे ही धर्मसंस्थांची जुनी सवय आहे, आणि ती एकाच धर्माची नाही.

मार्कच्या या प्रसंगातील कळीचा शब्द 'बिओस' आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ उपजीविका असाही होतो, जीवन असाही. 'उपजीविका' म्हटले की प्रसंग अर्थव्यवहारात राहतो. 'जीवन' म्हटले की दोन अध्यायांनंतरच्या येशूच्या दुःखसहनाशी त्याचे नाते जुळते. अर्थात, येशू स्वतःचा प्राण देण्याविषयी बोलतो तेथे (१०:४५) शब्द 'प्सिखे' आहे. त्यामुळे ही संगती आशयाची आहे, शब्दाची नव्हे. बेथानीत त्याच्या मस्तकी सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीला तो स्मरणाचे आश्वासन देतो (१४:३-९). विधवेशी तो एक शब्दही बोलत नाही. आपल्याविषयी काही बोलले गेले, हे तिला कळल्याचे संहितेत कोठेही नाही.